रिव्हिएरा अपडेट: रोप सील अजून पाकिटातच आहे!

मंडळी, माझ्या जुन्या ब्युइकची तेलगळती सापडली. सहा शनिवार-रविवार गेले, पण सापडली. मागच्या वेळी लिहिलं होतं तशी ट्रान्समिशन जॅकची (गिअरबॉक्स खाली उतरवायच्या जॅकची) सोय झाली होती, नवी रोप सीलही (इंजिनाच्या मागच्या टोकाला तेल अडवणारी दोरी) येऊन पडली होती. आता ती पाकिटातच राहणार.

ज्यांनी मागचं वाचलं नसेल त्यांच्यासाठी: १९६४ची ब्युइक रिव्हिएरा, ४२५ घनइंचांचं ‘नेलहेड’ इंजिन, चेसिस नंबर ७के१ने सुरू, म्हणजे इथे मिशिगनमध्येच फ्लिंटला बनलेली. एअर क्लीनरवर ‘वाइल्डकॅट ४६५’ची पट्टी अजून शाबूत आहे (हा आकडा टॉर्कचा, म्हणजे इंजिनाच्या पिळाच्या जोराचा, घनइंचांचा नाही, बघायला येणारा प्रत्येक जण इथे चुकतो). रंग, सीट्स, गालिचे सगळं कंपनीतून आलं तसं. गॅरेजात एकाच गाडीची जागा उरली आहे, म्हणून विकायला काढतोय. पण गळकी गाडी लोकांपुढे उभी करायची नाही, हे पहिल्यापासून ठरलेलं.

बेलहाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचाच्या) खालच्या पत्र्याला थेंब लोंबायचा. पांढऱ्या कागदावर टिपला तर तपकिरी, लाल नाही. म्हणजे गिअरबॉक्स सुटला, तेल इंजिनाचंच. त्या जागी इंजिन ऑइल दिसलं की सगळे मागच्या मेन सीलकडे, म्हणजे त्या रोप सीलकडे बोट दाखवतात, मीही दाखवलं. साठ वर्षांची दोरी, गळणारच. आणि तिचा वरचा अर्धा भाग ब्लॉकमध्ये, क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) डोक्यावर बसलेला. तिथे हात घालायचा म्हणजे केवढं काम ते तुम्हाला माहीत आहे.

खोलायच्या आधी इंजिनाची मागची बाजू डीग्रीझरने लख्ख धुतली आणि पायाला मारायची पांढरी पावडर फवारली. दहा मिनिटं इंजिन चालवलं. पांढऱ्यावर एक काळी रेघ, थेट डाव्या व्हॉल्व्ह कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून खाली! कव्हर काढलं तर बोल्ट पिळून पिळून कोणीतरी त्याची कड वाकवलेली. लाकडी ठोकळ्यावर ठेवून हळूहळू ठोकत सरळ केली. पहिलं गॅस्केट ज्यांच्याकडून मागवलं त्यांची भोकंच जुळेनात. तिथून पुन्हा काही घेणार नाही. दुसरीकडून कॉर्कचं आणलं. जुन्या पत्र्याच्या कव्हरांना कॉर्कच बरं, असं माझं ठाम मत झालंय. रबर दाबलं की बाहेर सरकतं, कॉर्क उंचसखल कड सांभाळून घेतं.

तीन दिवस गाडीखाली अंथरलेला पुठ्ठा कोरडा. चौथ्या दिवशी पुन्हा थेंब. त्या रात्री जेवणावर मन लागलं नाही.

पुन्हा पावडर. आता रेघ इनटेकखालच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळकांड्याखालच्या) व्हॅली कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या मधली खाच झाकणाऱ्या पत्र्याच्या, मागच्या कडेवरून. शेजारी निवृत्त मेकॅनिक आजोबा राहतात, ते कुंपणापाशी उभे राहून बघत होते. म्हणाले, तेल कुठून येतंय ते सोड, त्याला ढकलतंय कोण ते बघ. त्यांनी इंजिन चालू ठेवून ऑइल भरायच्या तोंडावरचं झाकण काढायला लावलं आणि वर एक कागद धरला. कागद आत ओढला जायला हवा. आमचा फडफडत वर उडाला!

पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या पोटातल्या वाफा बाहेर काढणारी झडप) काढून कानाशी हलवला. खुळखुळ नाही, आत सगळा चिकटा. होज तर लाकडासारखा कडक. क्रँककेसमधल्या वाफांना बाहेर पडायला वाटच नव्हती, म्हणून आतला दाब मिळेल त्या फटीतून तेल बाहेर ढकलत होता. नवा व्हॉल्व्ह, नवा होज, अर्ध्या तासाचं काम. पुन्हा कागद धरला, तो चटकन तोंडाला चिकटला. तो आवाज अजून कानात आहे.

आधी रात्रभरात पुठ्ठ्यावर अठरा थेंब पडायचे, आता दोन. दोन तर रोप सील झिरपतेच, त्यासाठी क्रँकला हात लावणार नाही.

विकण्याआधी इंजिनाला ब्युइकचा हिरवा रंग मारायचं म्हणत होतो ना? तेही रद्द. धुतल्यावर खालचा मूळ हिरवा रंग इतका निघाला की तो झाकणं पाप वाटतंय. आणि हे लिहिता लिहिता सुचलं: पुठ्ठ्यांचे तारखेसकट फोटो आहेतच, ते जाहिरातीत सगळे टाकतो, अठरा थेंबांचासुद्धा. घेणाऱ्याला कळायला हवं की गाडीत काय उघडलं आणि काय उघडलं नाही. म्हणून जाहिरात दोन आठवडे पुढे. त्याआधी रविवारी फ्लिंटपर्यंत जाऊन येतो, हायवेवर गरम झाल्यावर व्हॅली कव्हर कोरडं राहतं का ते बघायचंय.

व्हॅली कव्हरचं गॅस्केट कोणी इनटेक न काढता बदललंय का? असेल तर रविवारच्या आत कळवा.