जानेवारीतला टॉटॉग: न्यू जर्सीच्या समुद्रात थंडीतलं गरवणं

न्यू जर्सीच्या समुद्रात थंडीत मासे नसतात असं समजून आपल्यातले बरेच जण थँक्सगिव्हिंगनंतर रॉड गराजमध्ये टांगतात. किनाऱ्यापुरतं ते जवळपास खरंही आहे. पण बोटीने आठ-दहा मैल बाहेर गेलं की बुडालेल्या जहाजांच्या सांगाड्यांवर टॉटॉग हा खडका-फटींत राहणारा मासा बसलेला असतो, आणि मोठा टॉटॉग मिळवायचे दिवस हेच. जागतिक विक्रमाचा, २८ पौंड १३ औंसांचा टॉटॉग मेरीलँडच्या ओशन सिटीजवळ निघाला तो २ जानेवारी २०१५ रोजी. यंदा जानेवारीच्या मध्यावर मी पॉइंट प्लेझंट बीचहून पार्टी बोटीने, म्हणजे माणशी भाडं घेऊन गरवायला नेणाऱ्या बोटीने, जाऊन आलो. फेब्रुवारी संपण्याआधी ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी दिवस कसा निवडायचा ते, कारण थंडीतल्या फेरीचं निम्मं काम तिथेच होतं. सुट्टी कधी आहे ते पाहून तारीख ठरवू नका. समुद्र कधी मोकळा देतोय ते पाहा आणि त्यानुसार सुट्टी टाका. या दिवसांत साधारण असं चक्र चालतं: थंड हवेची आघाडी येते, तिच्यामागून एक-दोन दिवस वायव्येचा जोरदार वारा सुटतो, मग तो पडतो, आणि पुढची गडबड येण्याआधी दिवस-दीड दिवसाची उसंत मिळते. ती उसंत पकडायची. वायव्येचा वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. त्यामुळे आपल्या किनाऱ्याजवळ त्याला लाटा उभ्या करायला अंतरच मिळत नाही. तो बोचरा असतो, पण पाणी सपाट ठेवतो. उलट ईशान्येचा किंवा पूर्वेचा वारा अख्ख्या अटलांटिकवरून लाटा ढकलत आणतो. नॉरईस्टर, म्हणजे ईशान्येच्या वाऱ्याचं वादळ, येऊन गेला की वारा पडल्यावरही दोन-तीन दिवस उधाण उतरत नाही. वर ऊन पडलेलं दिसतं, आणि बोट मात्र नांगरावर उभीसुद्धा राहू शकत नाही.

अंदाज पाहताना नुसती लाटेची उंची वाचून थांबू नका, दोन लाटांमधलं अंतर किती सेकंदांचं आहे तेही वाचा. तीन फुटांची लाट नऊ सेकंदांनी येत असेल तर बोट आरामात वर-खाली होते. चार फुटांची लाट पाच सेकंदांनी आली तर माणूस कठड्याला लटकून दिवस काढतो. नॅशनल वेदर सर्व्हिसचा मनास्क्वान इनलेट ते लिटल एग इनलेट या पट्ट्याचा सागरी अंदाज आदल्या संध्याकाळी वाचा आणि पहाटे पुन्हा वाचा. त्याच्या जोडीला बार्नेगॅटच्या समोर असलेल्या ४४०९१ क्रमांकाच्या बोयाचे, म्हणजे समुद्रात तरंगणाऱ्या मोजयंत्राचे, ताजे आकडे बघा. अंदाज म्हणजे तर्क. बोया मात्र आत्ता काय चाललंय तेच सांगतो. मी गेलो त्या दिवशी पहाटे तो तीन फूट, आठ सेकंद आणि पाण्याचं तापमान ४३ अंश फॅरनहाइट दाखवत होता. धक्क्यावर हवा २६ अंश होती.

हे पाण्याचं तापमान फार महत्त्वाचं आहे. शरद ऋतूत टॉटॉग वीस ते साठ फूट खोल पाण्यात, जेट्टीच्या दगडांतसुद्धा मिळतो. पाणी पन्नासाच्या खाली उतरलं की तो खोल पाण्याकडे सरकू लागतो, कारण हिवाळ्यात किनाऱ्याजवळचं उथळ पाणी आधी गारठतं आणि बाहेरचा तळ त्यामानाने उबदार राहतो. चाळिशीच्या आसपास पोचलं की तो खाणंच कमी करतो. म्हणून जानेवारीत कॅप्टन ऐंशी ते एकशे तीस फुटांच्या जागा धुंडाळतात.

आमच्या कॅप्टनने सुरुवात एका जवळच्या कृत्रिम रीफवर केली. न्यू जर्सी राज्य १९८४ पासून असे रीफ वाढवत आलंय. त्यात जुनी जहाजं आहेत, लष्कराचे रणगाडे आहेत, न्यूयॉर्क सबवेचे डबेही आहेत. पण त्या सकाळी सत्तर फुटांवर काहीच हालचाल नव्हती. बर्गॉल हा आमिष कुरतडणारा चिमुकला मासासुद्धा टोचत नव्हता. तो टोचेनासा झाला की तळ फार गार झालाय असं समजायचं, कारण तो अशा थंडीत फटीत निपचित पडून राहतो. कॅप्टनने फार वेळ न घालवता नांगर उचलले आणि आम्हाला शंभर फुटांपलीकडे नेलं. मला हा निर्णय फार मोलाचा वाटला. बोट निवडताना तुम्हीही चौकशी करा, की मासा लागत नसेल तर कॅप्टन जागा बदलतो का, आणि दोन नांगर टाकून बोट सांगाड्यावर नेमकी बसवतो का. टॉटॉग सांगाडा सोडून वीस फूटही बाहेर येत नाही, त्यामुळे एका नांगरावर झुलणाऱ्या बोटीत निम्मे लोक नुसत्या वाळूवर गळ सोडून बसतात.

हा सगळा पट्टा बुडालेल्या जहाजांनी भरलेला आहे. २४ जानेवारी १९३५ च्या गोठवणाऱ्या रात्री न्यूयॉर्कहून दक्षिणेला निघालेलं 'मोहॉक' हे प्रवासी जहाज याच पाण्यात, सुकाणू बिघडून, नॉर्वेच्या 'तालिस्मन' या मालवाहू जहाजासमोर गेलं आणि धडकेनंतर बुडालं. चाळीसहून जास्त माणसं गेली. आज त्याचे विखुरलेले तुकडे ऐंशी फुटांच्या आसपास पडले आहेत आणि त्यावर माशांनी वस्ती केली आहे. जानेवारीत त्या दिशेला बोट निघाली की हे आठवतंच, आणि अंगावर चार कपडे जास्त घातल्याचं समाधान वाटतं.

आता सामान. साडेसहा-सात फुटांचा जाड बुंध्याचा रॉड, चाळीस-पन्नास पौंडांचा ताण सोसणारी ब्रेड (विणलेली दोरी), तिच्या टोकाला पन्नास-साठ पौंडांचा मोनो लीडर (एकपदरी नायलॉनचा तुकडा), एकच गळ आणि खाली शिसं. दोन गळ लावू नका. एक मासा आणेल तर दुसरा लोखंडात अडकेल. शिसं आठ ते बारा औंसांचं न्या, आणि भरपूर न्या. सांगाड्यावर गरवायचं तर शिसं जाणारच. शिशाची गाठ मुख्य दोरीपेक्षा कच्च्या दोऱ्याने बांधली तर नुसतं शिसं तुटतं, गळ वाचतो.

आमिष कुर्ल्यांचं. बहुतेक बोटी हिरव्या कुर्ल्या भाड्यातच देतात, तरी बुकिंग करताना विचारून घ्या. कुर्लीची वरची कवटी आणि नांग्या काढा, अर्धी कापा आणि पायाच्या भोकातून गळ घालून टोक बाहेर ठेवा. मोठ्या माशासाठी जोना जातीची कुर्ली मिळाली तर उत्तम. थंडीत मासा सुस्त असतो, तेव्हा कवट काढलेल्या, रस सुटणाऱ्या कुर्लीला तो लवकर येतो.

मासा कसा घेतो ते नीट समजून घ्या. आधी टक-टक होते. टॉटॉग पुढच्या दातांनी कुर्ली फोडत असतो आणि घशातल्या दातांनी भरडत असतो. या टकटकीला झटका देऊ नका. रॉडचं टोक खाली ठेवा, दोरी ताठ ठेवा. मग एक जड ओढ येते, तेव्हा जोरात उचला आणि लगेच पाच-सहा वेटोळी न थांबता गुंडाळा. पहिले दहा फूट तुमचे झाले तर मासा तुमचा. कोकणात खडकातला हेकरू गळ घेऊन बिळात शिरतो, तीच खोड याचीही आहे. शिरलाच तर ओढाओढ करू नका. दोरी ढिली सोडून मिनिटभर थांबा, पुष्कळदा तो आपणच बाहेर येतो.

आम्हाला खरा मासा लागला तो पाण्याची ओढ थांबायच्या वेळी. सकाळभर बोटीवर तुरळक मासे येत होते, आणि ओहोटी संपून पाणी थबकलं तेव्हा तासभर दोन्ही कठड्यांवर रॉड वाकत होते. म्हणून सकाळी अकरा वाजता डबा उघडून केबिनमध्ये बसायच्या आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून ठेवा. जेवण नंतर होईल.

कायद्याचं. सध्याच्या नियमांप्रमाणे न्यू जर्सीत १ जानेवारी ते २८ फेब्रुवारी माणशी चार टॉटॉग, किमान लांबी १५ इंच. त्याच सांगाड्यांवर लागणारा ब्लॅक सी बास हा मासा धरणं या दिवसांत बंद आहे. गळाला आला तर हळूच सोडायचा. नियम दरवर्षी बदलू शकतात, जाण्याआधी राज्याच्या मत्स्य विभागाचं पान बघाच. खाऱ्या पाण्यासाठी इथे पैसे भरून लायसन्स घ्यावं लागत नाही, मोफत नोंदणी आहे; पार्टी बोटीवर तीही लागत नाही. माझी एक विनंती आहे. टॉटॉग फार सावकाश वाढतो, पंधरा इंचांचा मासा बहुधा सहा-सात वर्षांचा असतो, आणि मोठी मादी छोट्या मादीच्या कितीतरी पट अंडी घालते. घरी पुरतील एवढे मध्यम मासे ठेवा, आठ-दहा पौंडांची मादी फोटो काढून परत सोडा. खोलीतून आणलेला टॉटॉग चांगला तगतो.

कपड्यांत सुती काही नको. आतून लोकर किंवा पॉलिएस्टर, वरून वारा आणि पाणी अडवणारा बिब (छातीपर्यंत येणारी पँट), पायात एक माप मोठे इन्सुलेटेड रबरी बूट. बूट घट्ट असतील तर दोन मोज्यांतही बोटं बधिर होतात. हातमोज्यांचे तीन जोड घ्या, कुर्ली कापून पहिला जोड तासाभरात भिजतो. बोट लागत असेल तर गोळी आदल्या रात्रीपासून, पाकिटावर लिहिल्याप्रमाणे घ्या. उलटी सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीचा उपयोग नाही. थर्मासमध्ये चहा, डब्यात पोळी-भाजीची गुंडाळी असं एका हाताने खाता येईल ते. मेटला, म्हणजे बोटीवरच्या मदतनीसाला, भाड्याच्या पंधरा-वीस टक्के टिप द्या. गारठलेल्या हातांनी दिवसभर तुमचे गुंते तोच सोडवतो.

ज्यांना किनाऱ्यावरूनच गरवायचंय त्यांना स्पष्ट सांगतो: जानेवारीत अपेक्षा कमी ठेवा. किनाऱ्यावरून ज्याच्यासाठी गरवतात त्या स्ट्राइप्ड बास या माशाला खाड्या आणि नद्या १ जानेवारीपासून फेब्रुवारीअखेर बंद असतात. समुद्राच्या बाजूने परवानगी आहे, पण डिसेंबरमध्ये मासा दक्षिणेला उतरून गेलेला असतो. आणि तीन सागरी मैलांपलीकडे तो धरायला १९९० पासून बंदी आहे, म्हणजे टॉटॉगच्या बोटीवर चुकून आलाच तर सोडून द्यायचा. बर्फ जमलेल्या जेट्टीवर एकट्याने अजिबात जाऊ नका. चाळीस अंशांच्या पाण्यात पडलेल्या माणसाचा श्वास पहिल्याच मिनिटाला बिघडतो आणि थोड्याच वेळात हातपाय चालेनासे होतात, पोहता येत असलं तरीही. जायचंच तर खिळ्यांचे बूट, अंगावर लाइफ जॅकेट आणि सोबत माणूस हवा.

घरी आल्यावर खवले काढत बसू नका, कातडी जाड आणि चिवट असते. तुकडी कातडीवरून सोलून घ्या. मांस पांढरं, घट्ट असतं, तिरफळ घातलेल्या आमटीत उकळलं तरी फुटत नाही. डोकं टाकू नका, गालाचं मांस सगळ्यात गोड आणि रस्सा त्याचाच चांगला होतो.

फेब्रुवारीत जाणार असाल तर बोया चाळीसच्या खाली गेलाय का ते आधी पाहा. गेला असेल तर एकशे वीस फुटांपलीकडे जाणारी, मोजकीच माणसं घेणारी बोट निवडा आणि दिवसभरात दोन-तीनच टोचण्या मिळतील या तयारीने जा. मार्चमध्ये टॉटॉग बंद. १ एप्रिलला पुन्हा उघडतो, तेव्हा तो उथळ पाण्याकडे परतू लागलेला असतो आणि सहा औंसांचं शिसं पुरतं.