काकांचा उजवा हात आणि आरसा

आजची दुपार काकांच्या फिजिओथेरपीत गेली. पक्षाघाताचा झटका (स्ट्रोक) आला मेंदूच्या डाव्या बाजूला, म्हणून लुळा पडलाय उजवा हात. थेरपिस्टने टेबलावर आरसा उभा केला, तो हात आरशामागे ठेवला आणि डाव्या हाताची मूठ उघड-मीट करायला सांगितली. आरशात बघताना वाटतं, उजवाच हात हलतोय! मला आधी हे हातचलाखीसारखं वाटलं, पण काही जणांना यामुळे हालचाल परत मिळवायला खरंच मदत होते. काकांचा अंगठा किंचित हलला. (निदान मला तरी तसं दिसलं.)

बोलणं मात्र अडलंय. समजतं सगळं, शब्द फुटत नाही. १८६१ मध्ये फ्रेंच डॉक्टर पॉल ब्रोकांनी फक्त 'टॅन' एवढंच बोलू शकणारा रुग्ण तपासला. मृत्यूनंतर त्याच्या मेंदूत डावीकडे, पुढच्या भागात इजा सापडली, म्हणजे बोलणं तिथून चालतं. काकांचा झटकाही डावीकडचाच. गंमत म्हणजे, 'पाणी' म्हणताना अडखळणारे काका जुनं गाणं सलग गुणगुणतात.

बाहेर एक बाई सांगत होत्या, "रात्री ह्यांचा हात जड झाला, म्हटलं सकाळी बघू." ऐकून पोटात गोळा आला. बहुतेक झटके रक्ताच्या गुठळीने येतात, आणि ती विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. काही झटके रक्तवाहिनी फुटून येतात. वरून फरक कळत नाही, म्हणून स्कॅनआधी घरच्या घरी रक्त पातळ करणारी ॲस्पिरिन देऊ नका. तोंड वाकडं झालं, हात गळाला, जीभ अडखळली तर थेट हॉस्पिटल गाठा. माणूस शेवटचा ठणठणीत किती वाजता दिसला, हेही लक्षात ठेवा. डॉक्टर आधी तेच विचारतात.