दगडागणिक एक नाव

माझ्या मोबाइलमध्ये पहाटे सव्वापाचचा एक गजर आहे, ‘प्रार्थना’ नावाचा. वर्षभर तो रोज वाजला आणि रोज मी त्याला दहा मिनिटं पुढे ढकललं. साडेपाचला पाणी येतं, मग डबे, मग गाडीतळावरून स्वारगेटची बस. नोकरी सीएच्या ऑफिसात. ख्रिस्ती माणसाने ही नोकरी धरूच नये, कारण उपवासकाळाचे चाळीस दिवस आणि मार्चएंड दरवर्षी न चुकता एकमेकांच्या अंगावर येतात.

त्यामुळे आत्या म्हणाली, “केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनला चालत येतेस का?” तेव्हा मी आधी तारखा बघितल्या. शुक्रवार ते रविवार, ऐन मार्चचा तिसरा आठवडा. सरांनी चष्म्यावरून पाहिलं. “मार्चमध्ये सुट्टी? घरात लग्न आहे का?” मी खोटं बोलले नाही. हो-नाहीही म्हटलं नाही.

पहाटे पाचला गुरुवार पेठेत पाच हौदाच्या चर्चपाशी जमलो. अकरा जण, दोन टाळ, एक पाण्याचा मोठा थर्मास. याच मिशनमध्ये १८९० साली लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे चहा प्यायले म्हणून पुण्यात केवढा गदारोळ झाला होता. आम्हाला मात्र एवढ्या पहाटे चहावाला सापडेना. शेवटी बिनचहाचेच निघालो.

गोळीबार मैदान, पुलगेट, फातिमानगर, रामटेकडी. रोज बसच्या खिडकीतून बघते तोच रस्ता, फक्त उलट्या दिशेने. सात वाजता गाडीतळ आलं, म्हणजे माझं घरच. नवरा गॅलरीत उभा होता. मला वाटलं, शुभेच्छा देतोय. तो ओरडला, “सिलिंडरचं पुस्तक कुठंय?”

पहिल्या दिवशी मी देवाचं काही केलं नाही. टाचा, ऊन आणि ऑफिस, एवढंच डोक्यात. थेऊर फाट्याच्या अलीकडे सरांचा फोन आला, एका पार्टीचा पासवर्ड हवा होता. पंक्चरवाल्याच्या टायरवर बसून मी तो सांगितला, मग दोन नोंदी सांगितल्या, मग जीएसटीचं एक चलन. बाकीचे टाळ वाजवत पुढे गेले. रेव्हरंड ना. वा. टिळकांचं भजन ट्रकच्या हॉर्नमध्ये विरत गेलं आणि मला रडू आलं. थोडं पायांमुळे, खरं सांगायचं तर.

आत्या तेवढी थांबली होती. वय बहात्तर, पायात साधी चप्पल, खांद्याला कापडी पिशवी. “तू कशी प्रार्थना करतेस गं चालताना?” मी विचारलं. तिने रस्त्याच्या कडेच्या किलोमीटरच्या दगडाकडे बोट केलं. “एक दगड, एक माणूस. पुढचा दगड येईस्तोवर तेच नाव. बाकी काही नाही.”

सोपं वाटलं. दुसऱ्या दिवशी सुरुवात केली. मुलगा, मुलगी, नवरा, आई. मग बहिणी, भाचे, शेजारच्या काकू, पाळकसाहेब. उरुळी कांचन मागे पडलं आणि माझी नावं संपली. दगड काही संपेनात. मग घरमालक घेतला. रिक्षावाले काका घेतले. पंक्चरवाला घेतला, त्याचं नावच माहीत नव्हतं. वारलेले वडील घेतले. आमच्यात मेलेल्यांसाठी असं करत नाहीत, पण दगड मोकळा होता. एका दगडाला सर आले. त्या एक किलोमीटरभर मला पहिल्यांदाच आठवलं की त्यांच्या टेबलावर बीपीची गोळी असते आणि ती संध्याकाळपर्यंत तशीच पडून असते.

यवतला रात्री शाळेच्या ओसरीवर मुक्काम. तुकोबांची पालखी याच रस्त्याने जाते आणि यवतला वारकऱ्यांना पिठलं-भाकरी असते, हे दौंड तालुक्यात लहान पोरालाही ठाऊक. हॉटेलवाल्याने आमचे टाळ बघून विचारलं, “आषाढ लांब आहे की अजून. कुठली दिंडी?” आत्या म्हणाली, “केडगावच्या रमाबाईंची.” त्याला कितपत कळलं देव जाणे. “बसा माउली,” म्हणाला आणि पिठल्याचे पैसे घेतले नाहीत. भाकरीचे घेतले.

तिसऱ्या दिवशी पाय आपले आपण चालत होते. चौफुल्याच्या अलीकडे गुऱ्हाळाचा वास, काहिलीत उकळणारा रस, मळी काढणारा माणूस घामाने निथळलेला. तेवढ्यात एक दगड आला आणि मी बुटाची नाडी बांधायला बसले. कारण पुढचं नाव मला माहीत होतं. जाऊबाई. घराच्या वाटणीवरून चार वर्षं बोलणं बंद. “दगड सोडायचा नाही,” आत्या न वळताच म्हणाली. तो किलोमीटर लांब होता. मी फक्त नाव घेत राहिले. त्यापुढे काही जमलं नाही.

रमाबाईंचं अर्धं बालपण असंच पायांवर गेलं, आईवडिलांमागे तीर्थांतून. १८७४ साली दुष्काळात ते दोघं गेले, तरी भावाबरोबर चालणं सुटलं नाही. १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचल्या. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी मुली आणल्या, केडगावला मुक्ती उभं केलं. हिब्रू-ग्रीकवरून केलेला त्यांचा मराठी बायबलचा अनुवाद मुक्तीच्याच छापखान्यात छापला गेला. खिळे जुळवायला मुलीच होत्या.

आम्ही पोचलो तेव्हा रविवारची उपासना सुरू झाली होती. मी मागे बसले आणि पाच मिनिटांत झोपले. आत्याने उठवलं नाही.

सोमवारी सव्वापाचचा गजर वाजला. पुढे ढकलला. पाणी आलं, डबे झाले, बस पकडली. मगरपट्टा आला तेव्हा मुलीचं नाव घेतलं. वैदुवाडीला मुलगा, रामटेकडीला सर. फातिमानगरचा थांबा मी जाऊबाईंना दिला होता. बस खचाखच भरलेली, ड्रायव्हरने तिथे गाडी थांबवलीच नाही.

संध्याकाळी येताना घेतलं.