००-४४ आणि लंडनचा बदललेला कोड : माझा अनुभव

१९९० चा मे महिना. दादा-वहिनी लंडनला वेम्ब्लीत राहायचे, वहिनीचे दिवस भरत आलेले आणि इकडे पुण्यात आईला झोप नाही. घरी फोन नव्हता, नाव नोंदवून वर्षं झालेली, त्यामुळे दर रविवारी रात्री साडेनऊला कोपऱ्यावरच्या पिवळ्या बोर्डाच्या एसटीडी-आयएसडी बूथवर जायचो. तिकडे तेव्हा संध्याकाळचे पाच वाजलेले असायचे.

मुंबईहून लंडनला डायरेक्ट डायल १९७६ लाच सुरू झालं होतं, पण आमच्या घरात त्याआधीची ट्रंक कॉलचीच सवय, बुक करायचा आणि शेजारी फोनपाशी बसून राहायचं. त्यामुळे पहिल्यांदा स्वतः डायल केलं तेव्हा माझी चूक झालीच. दादाने पत्रात ०१ पासून नंबर लिहिलेला, मी ००-४४ (०० परदेशासाठी, ४४ ब्रिटनचा कोड) लावून पुढे तो जसाच्या तसा फिरवत बसले, कॉल काही लागेना. बूथवाले काका म्हणाले, "अगं पुढचा शून्य काढ, तो फक्त त्यांच्या देशातल्या देशात लावायचा." म्हणजे ००, मग ४४, मग नुसता १ आणि पुढचे सात आकडे. लागला!

आणि नेमकं त्या मे महिन्यात तेच लागेना. सारखी इंग्लिशमधली रेकॉर्ड वाजायची, खरखरीत नीट कळेना, तीनचार वेळा ऐकल्यावर कळलं की कोड बदललाय. ६ मे पासून लंडनचा ०१ बंद करून मधल्या लंडनला ०७१ आणि बाहेरच्या भागाला ०८१ केला होता (नंबर पुरेनात म्हणून), दादाचं तसं पत्र नंतर आलं. आम्हाला कुठे माहीत वेम्ब्ली मधे की बाहेर! आधी ७१ लावून बघितलं, नाही. मग ८१, तर लाइन बिझी, परत लावला, परत बिझी, मागे रांग लागलेली पण कोणी काही बोललं नाही, सगळ्यांना कळत होतं कुठे लावतोय ते. अकराव्या की बाराव्या वेळी दादाचाच आवाज आला, मुलगी झाली, दोघी छान आहेत. आवाज पोचायला जरा वेळ लागायचा म्हणून आई आणि दादा एकाच वेळी बोलायचे, मग दोघंही गप्प, मग परत एकदम, आणि मीटरचे लाल आकडे पळतायत. मी आईच्या पाठीवर हात ठेवून नुसती उभी.

डायरीत तो एकच नंबर किती वेळा खोडलाय बघा. १९९५ ला ८१ चा १८१ झाला, २००० साली २० आणि पुढे ८. आणि आपल्या पुण्याचा ०२१२ जाऊन ०२० आला, लंडनचाही ०२०! हे आईला सांगितलं तेव्हा तिला इतका आनंद झाला की तिने दादाला फोन करून सांगितलं.