चव बदलली की वाइन? जीभ तपासून पाहण्याचा माझा अनुभव

रिओहा रिझर्व्हा, म्हणजे ओकच्या लाकडी पिंपात मुरलेली स्पॅनिश लाल वाइन, तिच्यातला व्हॅनिलाचा आणि नारळाचा वास पूर्वी हवाहवासा वाटायचा, आता तो जड होतो. म्युस्कादे ही फ्रान्समधली पांढरी वाइन पूर्वी पाणचट वाटायची, आता तीच आधी उघडावीशी वाटते. युरोपातल्या वाइन बरीच वर्षं चाखणाऱ्यांत हा बदल नेहमी दिसतो आणि त्यावर ‘माझी चव बदलली’ हे उत्तर तयार असतं. माझं म्हणणं असं की, हे उत्तर सगळ्यात शेवटी द्यावं. आधी बाटली, द्राक्षं पिकली ते साल, तापमान, त्या दिवशीचं नाक आणि लेबलावरचं नाव या सगळ्यांना बाजूला काढावं लागतं. ते मी कसं करते ते इथे लिहिते.

पहिली अडचण अशी की वाइन स्थिर नसते. जर्मनीतल्या मोझेलची २०२१ ची काबिनेट रिसलिंग (रिसलिंग द्राक्षाची हलकी पांढरी वाइन) थंड सालातली आहे, तिची आम्लता धारदार आहे. २०१८ च्या उन्हाळ्यातली त्याच उत्पादकाची काबिनेट मऊ लागते. दोन वेगळ्या सालांच्या बाटल्यांवरून जिभेबद्दल निष्कर्ष काढला, तर तो मोझेलच्या हवामानाबद्दलचा निष्कर्ष ठरतो. साल एकच असलं तरी बाटली तीन वर्षं पडून राहिली की नेब्बिओलो या इटालियन लाल द्राक्षाच्या वाइनमधलं टॅनिन, म्हणजे तुरटपणा आणणारा घटक, मवाळ होतं. म्हणून मोजपट्टी वाइनची ठेवायची नाही, पाण्याची ठेवायची.

साध्या बाटलीबंद पाण्यात मी चार द्रावणं करते: लिटरला २, ४, ८ आणि १६ ग्रॅम साखर. आंबटपणासाठी लिटरला पाव, अर्धा, एक आणि दोन ग्रॅम सायट्रिक ॲसिड. इतक्या बारीक वजनाला स्वयंपाकघरातला काटा पुरत नाही, दागिन्यांसाठी वापरतात तसा छोटा डिजिटल काटा लागतो. तो नसेल तर लिटरला १० ग्रॅम ॲसिडचं तीव्र द्रावण करून मापाने पातळ करावं. पेल्यांच्या तळाला खुणा चिकटवून दुसऱ्या कोणाकडून क्रम बदलून घ्यायचा आणि मध्येमध्ये नुसत्या पाण्याचे पेलेही ठेवायचे. कोणत्या पेल्यापासून गोड लागतं आणि कोणत्यापासून आंबट, ते तारखेसह लिहून ठेवायचं. सहा महिन्यांनी तेच आकडे आले, तर जिभेची ओळखण्याची ताकद आहे तशीच आहे. बदलली असेल तर आवड. या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या की पुढचा सगळा हिशेब चुकतो.

चाखण्याआधीचे नियम साधे आहेत, पण त्यातला एक जरी मोडला तरी निकाल बिघडतो. दात घासल्यावर तासभर थांबायचं, कारण टूथपेस्टमधला फेस आणणारा घटक गोडी दाबतो आणि आंबट गोष्ट कडवट लागते. आदल्या जेवणात तिखट जाळ असेल तर मद्यार्क जास्त भाजतो. कोल्हापुरी रस्सा खाऊन १४.५ टक्के मद्यार्काची बारोलो (नेब्बिओलोचीच इटालियन वाइन) चाखली, तर दोष बारोलोचा नसतो. सर्दी असेल तर त्या दिवशी चाखायचंच नाही. कोविडनंतर ज्यांचा वास गेला होता, त्यांनी वास परत आल्यावरही जुन्या नोंदींशी तुलना करू नये, नवी सुरुवात धरावी.

मग तापमान. थर्मामीटर बाटलीला नाही, पेल्यातल्या वाइनला लावायचा. म्युस्कादे आणि रिसलिंग ९ ते १० अंश, मोर्गाँसारखं बोजोले (फ्रान्समधली लाल वाइन) १४, रिओहा आणि नेब्बिओलो १६ ते १७. टॅनिनची वाइन १२ अंशाला दिली की तुरटपणा आणि कडवटपणा उसळून वर येतो. तीच २३ अंशाला दिली की मद्यार्काचा वास पुढे येतो आणि फळांचा वास मागे पडतो. पुण्यात मे महिन्यात ‘रूम टेंपरेचर’ला लाल वाइन पिणाऱ्याला ती जड वाटणारच. पेला एकाच आकाराचा हवा. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकाचा ट्युलिपच्या आकाराचा पेला चांगला, त्यात ५० मिलिलिटर ओतायची, जास्त नाही.

बाटलीतला दोष हा सगळ्यात फसवा. बुचाचा डाग, म्हणजे टीसीए, भरपूर असेल तर ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो आणि कोणीही ओळखतं. तो अगदी थोडा असतो तेव्हा मात्र पुठ्ठ्याचा वास येत नाही, फक्त वाइनमधला फळांचा वास दबतो. पिणाऱ्याला वाटतं, ‘ही आता मला आवडेनाशी झाली.’ म्हणून एकाच लॉटच्या, म्हणजे एकत्र भरलेल्या, निदान दोन बाटल्या घेते आणि दोन्ही उघडते. लॉट क्रमांक लेबलावर किंवा काचेवर असतो, बहुधा ‘एल’ अक्षराने सुरू होतो. जर्मन बाटलीवर एपी क्रमांक, म्हणजे सरकारी तपासणीचा क्रमांक, असतो, त्याचे शेवटचे आकडे तपासणीचं वर्ष सांगतात. उघडून उरलेली वाइन ३७५ मिलिलिटरच्या छोट्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून फ्रिजमध्ये ठेवावी. वर हवा नसेल तर दोनतीन दिवस ती चांगली टिकते.

आता झाकून चाखणं. बाटलीला नुसता फॉइल गुंडाळून भागत नाही. मोझेलची उंच सडपातळ बाटली आणि बर्गंडीचे उतरते खांदे फॉइलमधूनही ओळखू येतात. दुसऱ्या माणसाने दुसऱ्या खोलीत सारख्या भांड्यांमध्ये ओतून आणावं. रंगही फसवतो. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोर्दोतल्या प्रयोगात मोरो, ब्रोशे आणि द्युबुर्दिऊ यांनी पांढऱ्या वाइनला गंधहीन लाल रंग दिला, तेव्हा ५४ चाखणाऱ्यांनी तिच्या वासासाठी मुख्यतः लाल वाइनचे शब्द वापरले. म्हणून जमेल तेव्हा मी काळे पेले वापरते.

दोन वाइनमधला फरक मला खरंच कळतो का, यासाठी त्रिकोणी चाचणी: तीन पेले, दोनांत एकच वाइन, तिसऱ्यात वेगळी. वेगळी कोणती ते सांगायचं. नुसत्या अंदाजाने तीनांत एकदा बरोबर येतंच, म्हणून एका फेरीला अर्थ नाही. सहा फेऱ्यांत पाच बरोबर आल्या तरच फरक कळतो असं धरते, कारण निव्वळ नशिबाने तसं होण्याची शक्यता दोन टक्क्यांहून कमी आहे. निदान चार बरोबर येणं नशिबाने दहा टक्के वेळा घडतं, तेवढ्यावर विसंबता येत नाही.

आवड तपासताना आणखी एक गोष्ट करते, आणि मला तीच सर्वांत मोलाची वाटते. सहा पेल्यांच्या रांगेत एक वाइन गुपचूप दोनदा ठेवायला सांगते. दहापैकी गुण देऊन झाल्यावर त्या जोडीचे गुण पाहते. एकाच वाइनला एकदा सात आणि एकदा पाच दिले असतील, तर त्या दिवशी दोन गुणांपर्यंतच्या फरकाला काही किंमत नाही. हे न करता ‘मला अमुक जास्त आवडतं’ म्हणण्यात अर्थ नाही.

टॅनिनच्या वाइनमध्ये घाई चालत नाही. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना बांधून टाकतं, म्हणून तुरटपणा घोटागणिक साचत जातो आणि चौथा पेला विनाकारण कडक ठरतो. दोन पेल्यांमध्ये दोनतीन मिनिटं, पाणी आणि बिनमिठाचा पाव. सगळं थुंकायचं. पुढच्या वेळी क्रम उलटा लावायचा.

एवढं केल्यावर जे उरतं ते खरं. माझे साखरेचे आणि आंबटाचे आकडे आहेत तिथेच आहेत. झाकलेल्या रांगेत व्हॅनिला-नारळाचा वास देणाऱ्या अमेरिकन ओकची रिओहा खाली राहते, फ्रेंच ओकची वर येते, आणि फरक जोडीच्या चुकीपेक्षा मोठा असतो. म्हणजे ओकची आवड खरोखर बदलली. सीराह या लाल द्राक्षाच्या वाइनमधला मिरीचा वास, तो देणारा घटक म्हणजे रोटंडोन, मला स्पष्ट येतो. सुमारे पाचांतल्या एकाला तो जवळजवळ येतच नाही. अशा माणसाची ‘चव बदलून’ फ्रान्समधल्या रोनची सीराह मिरीसारखी लागेल ही आशा फोल आहे.

म्युस्कादेचं मात्र वेगळं निघालं. झाकलेल्या रांगेत ती मधोमध राहते, वर येत नाही. ती ज्यापासून करतात त्या मेलाँ द्राक्षाला स्वतःचा वास कमीच, त्यामुळे बोलक्या वाइनशेजारी ती मागे पडणार हे उघड आहे. म्हणून तिची चाचणी रांगेत न करता ताटाबरोबर करते: एकाच तळलेल्या मासळीचे सहा सारखे तुकडे, मीठ मोजून, लिंबू न पिळता, आणि दोन झाकलेले पेले, एकात म्युस्कादे आणि दुसऱ्यात ओकमधली शार्दोने. प्रत्येक पेल्याला तीन तुकडे, आधी घास आणि मग घोट, आणि गुण वाइनला नाही, घासाला.