ट्यूबलाइट बंद, पेस्टल सुरू

आज ठाण्याच्या नौपाड्यात आमच्या ऑटिस्टिक (स्वमग्न) मोठ्यांच्या चित्रगटाला गेले होते. गट चालवणारा दादा स्वतः ऑटिस्टिक आहे, आणि फरक पडतो तो तिथेच. आल्या आल्या त्यानं गुणगुणणारी ट्यूबलाइट बंद केली, गोखले रोडच्या हॉर्नपायी खिडकी लावून घेतली, आज काय काय होणार ते क्रमानं फळ्यावर लिहिलं. बोलायची सक्ती नाही, डोळ्यांत बघायची तर नाहीच. पोस्टर कलरचा ओलेपणा मला बोटांना सहन होत नाही. काही न विचारता त्यानं ऑइल पेस्टल पुढे सरकवले.

शेजारचा मुलगा अख्खा वेळ लोकलचा पँटोग्राफ, म्हणजे टपावरचा तारेतून वीज घेणारा सांगाडा, काढत होता. एकेक सांधा, एकेक स्प्रिंग. ‘आता दुसरं काहीतरी काढ’ असं कुणी म्हणालं नाही. एकीनं विचारलं, “हे दुमडतं कसं?” आणि तो बोलतच सुटला!

डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक संशोधकानं २०१२ मध्ये मांडलं की ऑटिस्टिक आणि इतर माणसांमधला गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो, ती एकट्या ऑटिस्टिक माणसाची उणीव नव्हे. आज ते डोळ्यांनी पाहिलं.

ठाण्यात कुणाकडे रविवारी रिकामी, शांत खोली असेल तर कृपया इनबॉक्स करा. आम्हाला जागा पुरत नाहीये.