धर्म : ज्यू

मागच्या डिसेंबरातला शुक्रवार. इंग्लंडमधल्या होव्हच्या आमच्या नर्सिंग होममध्ये दुपारी सव्वादोनला अकरा नंबरच्या आजी गेल्या. जाणार हे ठाऊक होतं. मृत्यूची खात्री मीच केली. पाच मिनिटं घड्याळ लावून मानेची नाडी, छातीवर स्टेथोस्कोप, मग बुबुळांवर टॉर्च, शेवटी खांद्याचा स्नायू दाबून बघायचा. काही जण हे दोन मिनिटांत उरकतात. मला ते खपत नाही.

फाइलवर 'धर्म : ज्यू'. म्हटलं, हे तर आपल्याला येतं. ट्रेनिंगचा कागद पाठ होता: हातमोजे घाला, डोळे मिटा, हातपाय सरळ करा, साधी चादर घाला, अंग पुसू नका, ते त्यांची माणसं करतात. डिसेंबरात इथं चारच्या सुमारासच सूर्य बुडतो आणि शब्बाथ, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासूनचा विश्रांतीचा पवित्र दिवस, लागला की ऑर्थोडॉक्स, म्हणजे जुन्या परंपरा काटेकोर पाळणारी मंडळी फोन घेत नाहीत, म्हणून घाईने त्यांच्या एका सिनेगॉगला, म्हणजे प्रार्थनागृहाला, निरोप ठेवला. आजींच्या ओठांच्या कडेला लाळ सुकली होती. ती पुसायला गेलेला हात मी मागे घेतला. नियम पाळला म्हणून जरा ऐटीतच होते.

सातला लंडनहून भाची आली. चादर बाजूला केली आणि म्हणाली, "हिची लिपस्टिक कुठे आहे?"

तिची ही मावशी लॅन्सडाउन रोडच्या प्रोग्रेसिव्ह, म्हणजे उदारमतवादी, सिनेगॉगला जायची. तिथं 2000 ते 2021 एलिझाबेथ टिकवा सारा या बाईच रब्बी, म्हणजे धर्मगुरू, होत्या. मावशीला दहन हवं होतं, पैसेही भरून ठेवलेले. ऑर्थोडॉक्सांत दहन चालत नाही, मावशीच्या सिनेगॉगमध्ये चालतं. या एवढ्याशा ब्रायटन-होव्ह शहरात ऑर्थोडॉक्स वेगळे, पाल्मीरा ॲव्हेन्यूचे रिफॉर्म, म्हणजे सुधारणावादी, वेगळे, हे प्रोग्रेसिव्ह आणखी वेगळे. मिडल स्ट्रीटचं 1875चं देखणं सिनेगॉग तर रोजच्या वापरातही नाही. आणि आमच्या फॉर्मवर रकाना एकच! उद्या कुणी 'हिंदू' एवढंच वाचून लिंगायत आजीची चिता रचली तर आपण काय म्हणू? आणि हे मला, सोलापूरच्या मुलीला, सुचू नये?

मॅनेजर म्हणाली, सॉफ्टवेअरमध्ये दुसरा रकाना बसत नाही. आता मी प्रत्येक ज्यू माणसाला 'कुठल्या सिनेगॉगचे, रब्बी कोण' हे विचारून फाइलच्या आतल्या बाजूला पेनने लिहिते. राहायला येतानाच, चहा पिताना.

त्या रात्री भाची आणि मी कोमट पाण्याने आजींचं अंग पुसलं. रोज चारच्या चहाआधी त्या मला आरसा धरायला लावायच्या, "नीट धर" म्हणून ओरडायच्या. लिपस्टिक ड्रॉवरमध्येच होती, गडद लाल, टोकाशी तिरकी झिजलेली. पण आधी ओठांची कड साफ करायची होती. पाच तास तसंच राहिलेलं ते, निघायला दोनदा पाणी घ्यावं लागलं.